फणसाची बेस गिटार: लाकूड आणि सुटे भाग निवडतानाच्या नोंदी

12 ऑक्टोबर 2024, दसरा

आज हत्यारांची पूजा झाली आणि काम ठरलं. चार तारांची बेस गिटार, 34 इंची स्केल (तारेची वाजती लांबी), 20 फ्रेट (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या), मान बॉडीला स्क्रूने जोडलेली. 1951 साली फेंडरची प्रिसिजन बेस बाजारात आली, तेव्हापासून हीच मापं चालत आली आहेत. त्यामुळे सुटे भाग याच मापात सहज मिळतात आणि उद्या एखादा भाग बिघडला तर बदलताही येतो. पहिल्याच खेपेला स्वतःची वेगळी मापं काढू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

घरात तयार गिटार असताना नवी कशाला, हे सांगायला हवं. तिची मान दर पावसाळ्यात वाकते. आम्ही गोव्यात माशेलला राहतो. जून ते सप्टेंबर इथल्या हवेत इतकं पाणी असतं की कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्यांवर बुरशी धरते. चतुर्थीच्या सुमाराला, म्हणजे वाजवायची खरी वेळ येते तेव्हाच, तारा फ्रेटबोर्डपासून वर उचललेल्या असतात. इथल्या हवेत मुरलेल्या लाकडाची गिटार हवी, म्हणून हा खटाटोप. कोकणात किंवा गोव्यात कुणाला हेच करायचं असेल तर उपयोग व्हावा, म्हणून खर्च आणि फुकट गेलेला वेळ दोन्ही लिहून ठेवणार आहे.

20 ऑक्टोबर

लाकडाच्या मागे धावण्याआधी सुटे भाग हातात हवेत. कारण साधं आहे. बॉडीतला प्रत्येक खड्डा आणि प्रत्येक भोक त्या भागांच्या मापाने ठरतं.

मी मात्र ब्रिज (बॉडीवर तारा जिथे टेकतात तो धातूचा भाग) आणि पिकअप (तारांच्या कंपनाची वीज करणारा भाग) वेगवेगळ्या ठिकाणांहून, वेगवेगळ्या वेळी मागवले. ब्रिजवर दोन तारांमधलं अंतर 17 मिमी निघालं. प्रिसिजनच्या दुभंगलेल्या पिकअपला 19 मिमीच्या आसपास लागतं. तारा पिकअपच्या चुंबकी खांबांवरून न जाता आतल्या अंगाने जायला लागल्या, म्हणजे कडेच्या तारांचा आवाज दबणार. ब्रिजचे 1,100 रुपये गेले, दुसरा 1,400 ला घेतला. ब्रिज, पिकअप आणि मानेची रुंदी ही तीन मापं आधी एका कागदावर मांडावीत आणि मगच पैसे द्यावेत.

पिकअप दुभंगलेलाच हवा होता. त्याचे दोन अर्धे उलट गुंडाळलेले असतात, त्यामुळे विजेची घरघर एकमेकांत कटते. आमच्या देवळाच्या मंडपात ट्यूबलाइटी आणि पंख्यांचे रेग्युलेटर एकाच वायरवर असतात, तिथे एका कॉइलच्या पिकअपचा टिकाव लागत नाही. किंमत 2,900.

ब्रिजचं एक विसरू नका. तारांची उंची कमीजास्त करायचे बारीक स्क्रू साध्या पोलादाचे असतात आणि खाऱ्या हवेत ते गंजून जाम होतात. मी ते काढून स्टेनलेसचे 3 मिमीचे बसवले, शंभर रुपयांच्या आत काम झालं. फ्रेटची तार निकेल-सिल्व्हरची असते, ती गंजत नाही, तिची काळजी नको.

3 नोव्हेंबर

फोंड्याजवळच्या वखारींतून हिंडलो. मिळतं काय, ते आधी पाहिलं. बाहेरच्या पुस्तकांत ऍश, आल्डर, मेपल लिहिलेलं असतं, ते इथे मिळणार नाही आणि त्याची गरजही नाही.

वजनाचा हिशेब आधी करून गेलो होतो. प्रिसिजनच्या आकाराची 45 मिमी जाड बॉडी साधारण पाच लिटर लाकूड खाते. लिटरमागे किती किलो हे कळलं की बॉडीचं वजन कळतं. मट्टी, म्हणजे ऐन, गोव्याचा राज्यवृक्ष, लिटरला साडेआठशे ग्रॅमच्या पुढे जातो. बॉडीच सव्वाचार किलोची होईल, ती गळ्यात अडकवून दोन तास उभं राहता येणार नाही. शिसवीचं तेच. सागवान साडेसहाशेच्या आसपास, फणस त्याहून थोडा हलका. शिवण आणखी हलकी, पण वखारीत होती ती गाठींनी भरलेली. आंब्याला कीड लवकर लागते, दाखवलेल्या फळीच्या भोकांतून पीठ गळत होतं. ते लाकूड मी घरात आणणार नाही.

फणसावर नजर ठरली. मृदंगाचं खोड फणसाचं असतं, दक्षिणेत वीणाही फणसाची करतात, तेव्हा वाद्याला हे लाकूड परकं नाही. तरीही बेस गिटारच्या बॉडीने आवाज फार बदलतो असं मी मानत नाही. तारा, पिकअपची जागा आणि बोटं यांचा वाटा कितीतरी मोठा आहे. बॉडीकडून मला तीन गोष्टी हव्यात: पेलवेल असं वजन, स्क्रू घट्ट धरण्याची ताकद आणि पावसाळ्यात न हलणं.

17 नोव्हेंबर

वखारीतून फणसाच्या दोन फळ्या आणल्या, 1,700 रुपये. मालकाने वर्षाचं वाळलेलं लाकूड म्हणून सांगितलं. ओलावा मोजायच्या यंत्रानेही वरून 13 टक्के दाखवले. मी दोन्ही अंगांनी रंधा मारला आणि फळ्या भिंतीला टेकून ठेवल्या. आठवड्यात दोन्ही फळ्यांनी बाक मारला आणि एकीच्या टोकाला वीतभर चीर गेली.

शेजारच्या मेस्त्रींना दाखवलं. त्यांनी कापलेल्या टोकावर नुसता हाताचा उलटा पंजा ठेवला आणि म्हणाले, "बाब, हें लांकूड अजून ओलें आसा." आतून थंड लागत होतं.

खात्री करायला फळीच्या मधोमध कापून एक तुकडा काढला. वजन 62 ग्रॅम. मग घरातल्या छोट्या ओव्हनमध्ये शंभर अंशांच्या थोडं वर ठेवला आणि दर तासाने काढून वजन केलं. संध्याकाळपर्यंत वजन 50 ग्रॅमवर येऊन थांबलं. उडालेलं पाणी 12 ग्रॅम, ते कोरड्या वजनाच्या 24 टक्के. वरच्या कातडीला 13 आणि पोटात 24. टोचायच्या यंत्राच्या सुया चार-पाच मिमीच आत जातात, शिवाय यंत्र दुसऱ्याच कुठल्या लाकडावर जुळवलेलं असतं. ओव्हन आणि किचनचा काटा फसवत नाहीत. आता कुठलंही लाकूड घेताना मधला तुकडा कापू देत असतील तरच घ्यायचं, असं ठरवलं आहे.

उघड्यावर लाकूड वाळायला इंचाला एक वर्ष, असा जुना हिशेब आहे. दोन इंची फळीला दोन वर्षं आणि त्यातले आमचे चार महिने तर उलटेच मोजायचे. या फळ्या माळ्यावर गेल्या. पुढच्या कुणाला तरी कामाला येतील.

1 डिसेंबर

ताजं लाकूड नको, तर जुन्या घराचं. डिचोलीकडे मोडलेल्या एका घराचे वासे-तुळया विकायला होत्या. तिथे फणसाच्या तुळईचा साडेतीन फुटी तुकडा मिळाला, सात इंच बाय आठ इंच. चिरणावळीसकट 2,600 रुपये.

परसातला फणस तोडून वापरू म्हणणाऱ्यांसाठी: गोव्यात 1984 च्या वृक्ष संरक्षण कायद्याप्रमाणे झाड तोडायला वन खात्याची परवानगी लागते, आणि तोडल्यावर पुन्हा वाळवणीची वर्षं आहेतच. जुनी तुळई हा सगळा वेळ वाचवते.

तिचा धोका एकच, खिळे. स्पीकरमधून काढलेलं मोठं चुंबक दोरीला बांधून तुळईवरून हळूहळू फिरवलं. जिथे ते ओढलं गेलं तिथे खडूने फुली मारली. काही खिळ्यांची डोकी कधीच गळून पडली होती, वरून काहीच दिसत नव्हतं. मात्र आजूबाजूचं लाकूड काळं पडलं होतं, त्यावरून जागा सापडली. हे न करता तुळई गिरणीवर नेली तर पातं जातं आणि पुढच्या वेळी गिरणीवाला उभं करत नाही.

आरीवर पहिला काप गेला तेव्हा आतून पिवळाधमक रंग निघाला. वरून काळपट-तपकिरी दिसणारी ती तुळई आत अजून हळदीसारखी होती. तुळई अशी चिरून घेतली की वर्षांची वलयं फळीच्या रुंदीला उभी यावीत. अशी फळी फुगते-आकसते कमी आणि बाक मारत नाही. प्रत्येकी 520 बाय 180 मिमीच्या, 50 मिमी जाडीच्या चार फळ्या निघाल्या. ओव्हनचा आकडा साडेचौदा टक्के.

22 डिसेंबर

फळ्या माळ्यावर, मध्ये पट्ट्या घालून रचल्या आहेत. एक फळी दर रविवारी काट्यावर ठेवतो. सुरुवातीला 2 किलो 930 होती, आता 2 किलो 885.

मधल्या वेळात तोल तपासला. 12 मिमी प्लायवूडची बॉडी कापली, तिच्यामागे विटांचे तुकडे बांधून वजन पावणेतीन किलोवर आणलं. पुढे एका मित्राकडची जुनी मान लावली, पट्टा अडकवला आणि उभा राहिलो. हात सोडले की मानेचं टोक खाली जात होतं. तारा ताणायच्या विकत घेतलेल्या चार चाव्या एकेकी शंभर ग्रॅमच्या आहेत, म्हणजे चारशे ग्रॅम वजन अगदी टोकाला. हलक्या चाव्या मागवल्या, एकेक 57 ग्रॅमची, चारांचे 2,400. आधीच्या 1,600 च्या कपाटात पडल्या आहेत. पट्ट्याचं पुढचं बटण बाराव्या फ्रेटच्या समोर येईल असं बॉडीचं वरचं शिंग पुढे काढलं, त्यानेही फरक पडला. प्लायवूडवर शिंग वाढवायला अर्धा तास लागतो. फणस कापल्यावर ते वाढवता येणार नाही.

12 जानेवारी 2025

फळीचं वजन गेले तीन रविवार 2 किलो 865 वरच आहे. हिशेबाने ओलावा 12 टक्के. गोव्याच्या हिवाळ्यात याखाली लाकूड जाणार नाही आणि घालवायचंही नाही. भट्टीत 8 टक्क्यांपर्यंत वाळवलेलं लाकूड इथे आणलं तर पहिल्या पावसात ते तितकंच जास्त फुगेल.

मानेसाठी सागवान. तारा बसवल्यावर मानेवर 75 ते 80 किलोंचा ओढा येतो, तो रात्रंदिवस. ताठपणात सागवान मेपलच्या जवळपास आहे आणि ओलाव्याने हलण्यात मेपलपेक्षा बरंच शांत. जुन्या दाराच्या चौकटीचा उभा खांब 1,500 ला मिळाला. एकसंध मान न करता तीन पट्ट्या उभ्या चिरून, मधली उलट फिरवून चिकटवायची. एक पट्टी एकीकडे वळायला लागली तर दुसरी तिला धरून ठेवते.

फ्रेटबोर्ड शिसवीचा. आपली शिसवी जगभर गिटारींवर लागते, पण ती साइट्सच्या, म्हणजे दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या परदेशी व्यापारावर नियम घालणाऱ्या कराराच्या, यादीतली आहे. जानेवारी 2017 पासून डालबर्जियाच्या, म्हणजे शिसवीच्या कुळातल्या, जवळपास सगळ्या जातींवर परदेशी व्यापाराचे कागद लागायला लागले, 2019 च्या अखेरीस तयार वाद्यांना सूट मिळाली. देशात घेऊन देशातच वापरायची असेल तर विक्रेत्याकडून पक्कं बिल घ्यावं. मी खाचा पाडलेली पट्टी मागवली, 1,800. सुताराची करवत एक मिमीची फट पाडते आणि फ्रेटला साधारण अर्धा मिमीच लागतो, म्हणून खाचा स्वतः पाडायच्या फंदात पडलो नाही. आलेली पट्टी मोजून घेतली: नटपासून (मानेच्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी) पहिली खाच 48.5 मिमी, बारावी 431.8. एवढी दोन मापं बरोबर असली की बाकीची सहसा बरोबर असतात.

2 फेब्रुवारी

सागवानात तेल असतं, डिंक धरत नाही. दोन भंगार तुकडे तसेच चिकटवले, दुसऱ्या दिवशी शिकंज्यात धरून तोडले, तर डिंकाच्या रेषेवरच सरळ सुटले. दुसऱ्या जोडीला आधी ताजा रंधा मारला, ऍसिटोनने पुसलं, फडक्यावर पिवळा डाग यायचा थांबेपर्यंत, आणि लगेच सावकाश वाळणाऱ्या अराल्डाइटने जोडलं. ती जोडी तोडताना लाकूडच फाटलं. हवं होतं ते हेच. मान त्याच पद्धतीने जोडली.

आतला लोखंडी गज, ट्रस रॉड, बेसचाच मागवा. बाजारात सहज मिळतो तो साध्या गिटारचा 18 इंची, बेसच्या मानेत तो मध्येच संपतो. मला 580 मिमीचा, दोन्ही बाजूंनी ताण देणारा मिळाला, 950 रुपये. दोन्ही बाजूंचा अशासाठी की पावसाळ्यात मान पुढे झुकते आणि उन्हाळ्यात उलटी, आणि दोन्ही वेळी किल्लीने सरळ करता यायला हवी.

2 मार्च

फणसाचे रेषे आलटून पालटून उलटसुलट फिरतात. एका दिशेने रंधा मारला की एक पट्टा आरशासारखा निघतो आणि शेजारच्या पट्ट्यातून ढलप्या उपटून येतात. रंध्याचं पातं पुन्हा पुन्हा पाजळलं, तोंड अगदी बारीक केलं, तरी थांबेना. शेवटी रंधा बाजूला ठेवून पत्र्याच्या खरवडणीने अख्खी बॉडी खरवडली आणि मग काचपेपर. दोन रविवार यातच गेले. राऊटर (खड्डे कोरायचं यंत्र) मारतानाही एकाच फेरीत खोल जाऊ नका, तीन-तीन मिमीच्या फेऱ्या घ्या, नाहीतर शिंगाच्या वळणावर लाकूड उडतं. पिवळी धूळ नाकाला झोंबते, मास्क लावाच.

दोन फळ्या मधोमध मरीन फेविकॉलने जोडल्या. पिकगार्डखाली, म्हणजे पुढच्या झाकणपट्टीखाली, झाकलं जाईल एवढ्या भागात जादा पोकळी कोरली. बॉडी 2 किलो 610 ग्रॅम.

30 मार्च, पाडवा

वायरिंग. पॉटवर, म्हणजे आवाज कमीजास्त करायच्या बटणाखालच्या भागावर, 250 हजार ओहमच्या आकड्याआधी इंग्रजी ए आहे का ते पाहा. गावातल्या दुकानात बहुधा बी मिळतो. त्याने आवाज सगळ्या फिरवणीत नीट वाढत नाही, पहिल्या थोड्याशा वळणातच उसळी घेतो. टोनला 0.047 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. पोकळ्यांना तांब्याची चिकटपट्टी लावली, पण मल्टिमीटरने तपासल्यावर पट्टी पट्टीला विजेने जोडलेली नव्हती, तिचा गोंद वीज नेत नाही. प्रत्येक जोडावर डाखाचा ठिपका दिला तेव्हा मीटर वाजला. ब्रिजखालून एक वायर अर्थिंगच्या टोकाला आणली. ती ब्रिजचे स्क्रू आवळण्याआधी घालायची असते, नंतर जागा मिळत नाही.

20 एप्रिल

रंगकाम मिरगाआधी संपवायचंच होतं. एकदा हवा ओली झाली की पॉलिश पांढरट धरतं आणि लाकडानेही पाणी पिऊन घेतलेलं असतं, ते आतच कोंडलं जातं. चपडीचं पॉलिश मला फार आवडतं, पण तुकड्यावर ओला पेला ठेवून पाहिला तर गोल पांढरा डाग उठला. घामाच्या हाताला ते टिकणार नाही. पॉलीयुरेथेनचे पातळ हात दिले. पोकळ्यांच्या आत, मानेच्या खाचेत आणि स्क्रूच्या भोकांतही. वरून सात हात आणि आतून कोरडं असं ठेवलं तर लाकूड एकाच बाजूने पाणी ओढतं आणि वळतं. साहित्य 1,200.

11 मे

तारा चढल्या. ब्रिजची जागा अशी धरली: सगळ्यात बारीक तारेची घोडी (ब्रिजवरचा, तार टेकायचा सरकता भाग) जवळजवळ पूर्ण पुढे आणून ती नटपासून 864 मिमीवर ठेवली आणि मग भोकं पाडली. जाड तारेची घोडी स्वर जुळवताना चारेक मिमी मागे गेली. मागे जायला जागा होती म्हणून निभावलं.

एकूण वजन 4 किलो 180. हात सोडले तरी मान आडवी राहते.

खर्च साडेबावीस हजारांच्या थोडा पुढे. त्यात 4,400 वाया गेले: ओल्या फळ्या, पहिला ब्रिज आणि जड चाव्या. अंगमेहनत धरलेली नाही. एवढ्या पैशांत तयार गिटार येते, हे खरं आहे. पैसे वाचवायला हे काम करू नये.

6 जुलै

पाऊस लागून महिना झाला. खोलीतली दमटपणाची सुई 85 च्या खाली येत नाही. पहिला आणि शेवटचा फ्रेट दाबून मधल्या भागात तारेखालची फट मोजली. मे महिन्यात 0.3 मिमी ठेवली होती, आता 0.45 आहे. जुन्या गिटारची फट याच दिवसांत एक मिमीच्या पुढे जायची. किल्ली पाव वळसा फिरवली, रात्रभर ठेवली आणि सकाळी पुन्हा मोजली: 0.3. बॉडीच्या मधल्या जोडावर नख फिरवून पाहिलं, कुठे अडकत नाही. मानेच्या खाचेत सुरुवातीला कागद जायचा, तो आता जात नाही. बॉडी तेवढी फुगली आहे. तिथे आणखी घट्ट झालं तर पॉलिशला चीर जाईल, म्हणून चारही स्क्रू थोडे सैल करून पुन्हा आवळले. पुढचं माप चतुर्थीच्या आदल्या आठवड्यात.